वाटाघाटीला कोणी बसायचे? १९८२ च्या गिरणी संपाआधीची छत्तीस वर्षे

मुंबईच्या गिरणी संपाविषयी तरुण पिढीला एकच वाक्य ठाऊक असते : दत्ता सामंतांनी संप ताणला आणि गिरण्या बुडाल्या. चित्रपटांनी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांच्या वर्धापनदिनी विशेषांकांनी हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले की ते इतिहास म्हणूनच चालू लागले. या धाग्याचे म्हणणे वेगळे आहे. १९८२ च्या संपात तडजोड झाली नाही, त्याचे एक मोठे कारण १९४६ च्या एका कायद्यात दडलेले आहे. तो कायदा वाचल्याखेरीज सामंतांवरचा कोणताही निकाल अपुराच राहील.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील साठ-एक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार कामावरून उतरले. हा संप कधीही औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नाही, त्यामुळे त्याला आरंभाची तारीख आहे, अखेरची नाही. इतक्या मोठ्या आणि इतक्या लांबलेल्या संपात ज्या संघटनेच्या मागे कामगार उभे होते, ती महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन कायद्याच्या दृष्टीने वाटाघाटीला पात्रच नव्हती. पात्र होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही काँग्रेसप्रणीत संघटना, आणि ती संपात नव्हती. संपकऱ्यांच्या मागण्यांमध्ये पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती आणि त्यांच्याच जोडीला मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. पगारासाठी झगडणाऱ्या माणसांनी एखाद्या कायद्याचे कलम का उकरून काढावे, हे समजण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते.

कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न मुंबईत गिरण्यांइतकाच जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांची कंपनी १८५४ साली उभी राहिली. मालकांनी आपला संघ १८७५ मध्येच स्थापन केला. कामगारांच्या बाजूने बोलणारा पहिला माणूस पुढे आला तो सत्यशोधक परंपरेतून. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे मांडण्यासाठी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. १८९० च्या एप्रिलमधील सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली होती. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली.

लोखंड्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला पुढच्या काळातल्या संघटनांसारखी घटना नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांचे वहीखाते नव्हते. काही अभ्यासक म्हणूनच तिला खरी कामगार संघटना मानत नाहीत. तो आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण ज्या संस्थेकडे सभासदांची यादीच नाही तिला मालकांनी सुटी द्यावी, यात त्या काळाचे वैशिष्ट्य आहे. प्रतिनिधित्व सभेतल्या गर्दीवरून सिद्ध होत होते. पुढच्या साठ वर्षांत ते मोजायचे ठिकाण मैदानातून निबंधकाच्या कचेरीत कसे गेले, हाच या धाग्याचा खरा विषय आहे.

मधली काही वर्षे झपाट्याने ओलांडता येतील. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवले. १९१९ च्या जानेवारीत लाखभर कामगारांचा संप झाला. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्धचा संप तेव्हाच मिटला, जेव्हा सरकारने कापडावरची अबकारी जकात स्थगित केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा आला. संघटना नोंदवण्याचा हक्क त्याने दिला. तिच्याशी बोलण्याचे बंधन मालकावर मात्र घातले नाही. ही फट पुढे फार महागात पडली.

१९२८ चा सार्वत्रिक संप मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. मालकांना एका कामगारामागे साच्यांची आणि यंत्रांची संख्या वाढवायची होती, म्हणजे कमी माणसांत तेच काम. ससून समूहाच्या गिरण्यांत वर्षाच्या सुरुवातीलाच ठिणगी पडली आणि एप्रिलपासून शहरातील जवळजवळ सगळ्या गिरण्या थंडावल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. सहा महिने पगाराविना हे लोक जगले कसे, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांत होते. चाकरमानी कोकणात उतरले, घाटावरचे लोक घाटावर गेले. गावची दोन गुंठे जमीन, भावाचे घर, भाताची पेरणी हाच त्यांचा संप-निधी होता. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की कामगाराचे गावाशी असलेले नाते हे त्याच्या 'अर्धवट कामगारपणा'चे लक्षण नव्हते. मालकाशी झगडण्याची ताकद त्याला त्या नात्यातूनच मिळत होती.

याच संपाच्या ऐन मध्यावर, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन जन्माला आली. अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे प्रत्यक्ष गिरणीतून आलेले पुढारी आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे कम्युनिस्ट तरुण असा तो मेळ होता. संयुक्त संप समितीत ना. म. जोशींसारखे नेमस्तही होते. समितीने सतरा मागण्या मांडल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संप मिटला आणि प्रकरण फॉसेट समितीकडे गेले. वर्ष संपता संपता युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांपलीकडे पोहोचली होती. खात्याखात्यांत गिरणी समित्या उभ्या राहिल्या होत्या. जॉबर हा आजवर मालक आणि कामगार यांच्यातला एकमेव दुवा होता. भरती त्याच्या हाती, बदलीवाल्याला आज काम द्यायचे की परत पाठवायचे हे त्याच्या मर्जीवर, आणि उसनवारीसुद्धा त्याच्याच ओळखीने. गिरणी समितीने या दुव्याला पहिल्यांदा पर्याय दिला. मालकांना खुपले ते सतरा मागण्यांपेक्षा हे अधिक.

या गौरवगाथेतला एक डाग लपवू नये. विणकाम खाते हे चांगल्या पगाराचे खाते होते आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि सवर्ण विणकरांना तो 'विटाळ' चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संप समितीपुढे हा प्रश्न लावून धरला : ज्या खात्याच्या दारातच आमच्या माणसाला अडवले जाते, त्या खात्याच्या पगारासाठी आम्ही का उपाशी राहावे? समितीने तो मुद्दा मागण्यांत घेतला, पण अनिच्छेने. १९२९ च्या दुसऱ्या संपाला आंबेडकरांनी उघड विरोध केला. कामगारांच्या वतीने कोण बोलतो, या प्रश्नाला 'कोणत्या कामगारांच्या वतीने' हा दुसरा प्रश्न कायमचा जोडला गेला आहे, आणि तो जोडला आंबेडकरांनी.

सरकारचे उत्तर दोन पदरी होते. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या आरोपाखाली युनियनचे बहुतेक कम्युनिस्ट नेते पकडले गेले. त्याच सुमारास दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ट्रेड डिस्प्यूट्स बिल संमत होत होते. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला तो या बिलावरचे मतदान आटोपून दुसऱ्या दडपशाहीच्या बिलाकडे सभागृह वळत असताना. शाळेच्या पुस्तकात बॉम्ब सापडतो. बिल कशाविषयी होते, हे सहसा सापडत नाही. ते संपाच्या हक्काला लगाम घालणारे बिल होते.

१९३४ साली पुन्हा मोठा संप झाला आणि मुंबई सरकारने एक विलक्षण तोडगा काढला : सरकारी लेबर ऑफिसर. कामगारांची मान्य संघटना नसेल तिथे सरकारी अधिकारीच त्यांच्या वतीने बोलेल. ज्यांचे प्रतिनिधी तुरुंगात टाकले त्यांना सरकारनेच प्रतिनिधी पुरवावा, अशी ही व्यवस्था होती. हसू येते, पण पुढच्या सगळ्या कायद्यांची बीजकल्पना इथे आहे. कामगारांचा प्रतिनिधी कोण, हे ठरवण्याची शेवटची सत्ता सरकारकडे.

काँग्रेसचे मंत्रिमंडळ १९३७ साली आले तेव्हा अनेकांना वाटले की आता चित्र पालटेल. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, आणि कामगार खात्याचे काम पाहणारे संसदीय सचिव गुलझारीलाल नंदा. नंदा अहमदाबादच्या मजूर महाजनातून आले होते. गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या प्रेरणेने १९२० साली उभी राहिलेली ती संघटना संपापेक्षा लवादावर विश्वास ठेवणारी होती. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्यावर या विचाराची छाप स्पष्ट आहे. संपाआधी सूचना आणि समेटाची प्रक्रिया सक्तीची झाली. ती न पाळता केलेला संप बेकायदा ठरला आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद झाली. मालकाची मान्यता मिळवलेल्या संघटनेला नोंदणीची वाट सोपी, इतरांना अवघड.

विरोधात उभे राहिले आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट. नऊ वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध ठाकलेले हे दोन प्रवाह ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात एकत्र आले. त्याआधी विधिमंडळात केलेल्या भाषणात आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद आजही विधी महाविद्यालयांत शिकवावा इतका नेमका आहे. काम करायला नकार देणे हा दिवाणी करारभंग असू शकतो. त्याला फौजदारी गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावणे, आणि त्याला गुलामीखेरीज दुसरे नाव नाही. स्वातंत्र्याचा हक्क मानायचा असेल तर संपाचा हक्क मानावाच लागेल. कायदा तरीही संमत झाला.

आता १९४६. दुसरे खेर मंत्रिमंडळ, आणि नंदा आता कामगारमंत्री. मुंबई औद्योगिक संबंध कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी : एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक संघटना' असेल. मुंबई शहरातल्या सगळ्या सूतगिरण्या मिळून एक उद्योग, आणि त्या सगळ्यांच्या वतीने बोलणारी एकच संघटना. तिने केलेला करार सभासद असो वा नसो, प्रत्येक कामगारावर बंधनकारक. हा दर्जा मिळवायला बहुमत लागत नव्हते. १९८२ च्या वेळी उंबरठा होता एकूण कामगारांच्या पंचवीस टक्के सभासदांचा. प्रतिस्पर्धी संघटनेपेक्षा सभासद अधिक असले की झाले. आणि ही मोजणी होणार होती वर्गणीच्या पावत्या आणि सभासद-नोंदवह्या पाहून, निबंधकाच्या कचेरीत. गुप्त मतदानाची सोय कायद्यात नव्हती.

तुलनेसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेत १९३५ च्या वॅग्नर कायद्यानेही एका गटासाठी एकच वाटाघाटी करणारी संघटना मानली. मात्र ती कोण, याबद्दल वाद असेल तर कामगारांचे गुप्त मतदान घेण्याची यंत्रणा त्या कायद्याने उभी केली. मुंबईच्या कायद्याने एकाधिकार घेतला आणि मतपेटी वगळली. केंद्रातही १९४७ साली ट्रेड युनियन कायद्यात संघटनेला सक्तीने मान्यता देणारी दुरुस्ती संमत झाली होती. ती कधी अमलातच आणली गेली नाही.

नंदांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही मांडली पाहिजे. एकाच गिरणीत चार संघटना, चौघींचे चार संप, आणि मालकाला हवी ती निवडून तिच्याशी करार करण्याची मोकळीक, ही स्थिती कामगारांच्या हिताची नव्हती. नव्या व्यवस्थेतून औद्योगिक न्यायालयाचा १९४७ चा वेतन-प्रमाणीकरणाचा निवाडा आला. किमान मूळ वेतन तीस रुपये ठरले, त्यावर महागाई भत्ता. ज्या प्रमाणीकरणासाठी १९२८ साली माणसे सहा महिने उपाशी राहिली, ते कागदावर उतरले. ही मिळकत लहान नव्हे.

दोष होता तो कलम करण्यात. अहमदाबादेत मजूर महाजनाने पाव शतक स्वतःच्या वर्गणीवर, स्वतःच्या शाळा-दवाखान्यांवर कामगारांत मूळ धरले आणि मग कायदा आला. मुंबईत कायदा आधी आला आणि त्यात बसेल अशी संघटना नंतर वाढवली गेली. गं. द. आंबेकरांच्या पुढाकाराने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभी राहिलेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना लवकरच प्रातिनिधिक ठरली. आंबेकर स्वतः निष्ठावान गांधीवादी होते आणि त्यांच्या सचोटीवर विरोधकांनीही सहसा बोट ठेवले नाही. प्रश्न व्यक्तींचा नव्हताच. संघटनेचे बळ कामगाराच्या विश्वासातून न येता नोंदणीच्या दाखल्यातून येऊ लागले की तिला कामगाराकडे वारंवार जाण्याची गरज उरत नाही.

याची पहिली परीक्षा फार लवकर झाली. १९५० च्या ऑगस्टमध्ये बोनसच्या प्रश्नावर समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप पुकारला. अशोक मेहता त्याचे नेते होते. सुमारे दोन लाख कामगार दोन महिने बाहेर राहिले. संप बेकायदा ठरला, संघाचा प्रातिनिधिक दर्जा जागेवर राहिला आणि कामगार रिकाम्या हाताने परतले. १९८२ चा आराखडा इथे हुबेहूब दिसतो : संप एकीच्या मागे, सहीचा अधिकार दुसरीकडे. आश्चर्य हे की १९८२ वर लिहिणारे बहुतेक लोक १९५० चा उल्लेखही करत नाहीत. सामंत तेव्हा अठरा वर्षांचे देखील नव्हते.

दर्जा बदलण्याचा मार्ग कायद्यात नव्हता का? होता. दुसऱ्या संघटनेने अधिक सभासद दाखवावेत आणि अर्ज करावा. पण बेकायदा संपाला चिथावणी दिली असे ठरले तर संघटनेची नोंदणी रद्द होऊ शकत होती. आणि समेटाची लांबलचक प्रक्रिया ओलांडल्याशिवाय केलेला कोणताही संप बेकायदाच होता. म्हणजे संप करून ताकद दाखवावी तर नोंदणी जाते, आणि नोंदणी जपावी तर ताकद दाखवता येत नाही. शिवाय मान्यताप्राप्त संघटनेच्या माणसांना पगारवाटपाच्या जागी वर्गणी गोळा करण्याची कायदेशीर मुभा होती. प्रतिस्पर्ध्याने चाळीच्या जिन्यावर उभे राहून पावत्या फाडायच्या, आणि मग निबंधकाला दोन्ही वह्या 'समान' न्यायाने तपासायच्या.

१९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने गिरजाशंकर काशीराम प्रकरणात या एकाधिकारावर शिक्कामोर्तब केले. प्रातिनिधिक संघटना हजर झाली की वैयक्तिक कामगाराला स्वतंत्रपणे उभे राहता येणार नाही. संघटना प्रामाणिकपणे वागते आहे की नाही, याने त्या बंदीत फरक पडत नाही. ती आवडत नसेल तर कामगारांनी तिचा पाठिंबा काढून घ्यावा. तर्क म्हणून हे निर्दोष आहे. पाठिंबा काढून घेतल्याची नोंद करायला पेटी मात्र कोठेच ठेवलेली नव्हती.

महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा नवा कायदा केला. त्यात मान्यतेचे एकक संपूर्ण उद्योग नव्हे तर एकेक आस्थापना होते. जुन्या कायद्याखाली येणाऱ्या गिरण्यांना मान्यतेची ती तरतूद लागू केली गेली नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकात मुंबईत दोन जगे शेजारी शेजारी नांदत होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या, कुर्ला-भांडुपच्या इंजिनिअरिंग आणि औषधांच्या कारखान्यांत कामगार पुढारी बदलू शकत होते आणि पगार झपाट्याने वाढवून घेत होते. परळ-लालबागचा विणकर त्याच चाळीत राहत होता, शेजाऱ्याचा पगार ऐकत होता, आणि त्याच्या नावाने सही करणारा हात त्याला बदलता येत नव्हता.

दत्ता सामंत या पहिल्या जगातून आले. घाटकोपरचे डॉक्टर, खाणीत दगड फोडणारे मजूर त्यांचे रुग्ण, आणि तिथूनच ते कामगार चळवळीत शिरले. १९७२ साली ते काँग्रेसचे आमदार होते, हे आज अनेकांना खरे वाटत नाही. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७९ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये त्यांनी मिळवलेल्या पगारवाढीचा बोलबाला सगळ्या शहरात झाला. १९८१ च्या दिवाळीआधी संघाने केलेला बोनसचा करार कामगारांना तोकडा वाटला, आणि स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला त्यांच्या घरी जाऊन धडकले. सामंत गिरणगावात शिरले नाहीत. त्यांना बोलावून आणले गेले. ऑक्टोबरमध्ये आठ गिरण्या बंद पडल्या, आणि दबाव असा वाढत गेला की सार्वत्रिक संपाची तारीख पुढाऱ्याने ठरवली की कामगारांनी, हा वादाचा मुद्दा ठरावा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात ही घाई कामगारांच्याच तोंडून ऐकू येते.

संपात सामंतांच्या चुका नव्हत्या असे कोणी म्हणू नये. औषधाच्या किंवा मोटारींच्या नफ्यातल्या कारखान्यात चालणारी चाल जुनाट यंत्रांच्या गिरण्यांत चालेल, हा त्यांचा हिशेब फसला. मालकांकडे मालाचे साठे होते. भिवंडीचे यंत्रमाग त्यांच्यासाठी कापड विणायला तयार होते. काही गिरण्यांना तर बंद राहणेच परवडत होते. माघारीची वाट त्यांनी आखून ठेवली नाही, आणि न्यायालयीन प्रक्रियेबद्दलची त्यांची तुच्छता जगजाहीर होती. १९२८ च्या समितीने जशी खात्याखात्यांत माणसे उभी केली, तशी रचना त्यांच्या एकखांबी युनियनमध्ये पुरेशी रुजली नाही.

तरीही एक साधा प्रश्न उरतो. समजा, सामंत एप्रिल १९८२ मध्ये तडजोडीला तयार झाले असते, तर त्यांनी सही कोठे केली असती? कायद्यानुसार मालकांनी करार करायचा तो संघाशी. संघ संपात नव्हता, त्यामुळे संप मिटवण्याचे श्रेय किंवा सामर्थ्य त्याच्याकडे नव्हते. ज्याच्याकडे सामर्थ्य होते त्याच्या सहीला कायद्यात किंमत नव्हती. कोंडी फोडू शकत होते एकटे सरकार, कायदा बदलून. पण कायदा बदलणे म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या कामगार शाखेचा मुंबईतला सर्वांत मोठा गड स्वतःच्या हाताने मोकळा करणे, आणि एका स्वतंत्र पुढाऱ्याला बंदरांपासून तेलकंपन्यांपर्यंत दार उघडून देणे. इंदिरा गांधींच्या सरकारने ते केले नाही, बाबासाहेब भोसल्यांच्या किंवा वसंतदादांच्या सरकारनेही नाही. सामंतांचा हट्ट सर्वांना दिसला कारण तो सभेत बोलत होता. दुसऱ्या बाजूचा हट्ट कलमांच्या भाषेत होता, म्हणून त्याला 'कायद्याचे राज्य' हे नाव मिळाले.

बाकीचा घटनाक्रम ओळखीचा आहे. कामगार पुन्हा गावाकडे गेले, पण १९२८ ची दोन गुंठे जमीन आता भावाभावांत वाटली गेली होती. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले आणि त्यांची संघटना मोडून काढण्यात आली. १९८३ च्या ऑक्टोबरात केंद्राने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. तोवर बरेच कामगार हळूहळू आत गेले होते, आणि हजारोंना आत जाण्यासाठी दारच उरले नव्हते. सर्वाधिक मार बसला बदलीवाल्यांना. वर्षानुवर्षे रोज सकाळी गेटवर उभे राहून काम मिळवणाऱ्या माणसाला काढून टाकायला नोटीसही लागत नाही.

गिरण्या संपामुळेच बुडाल्या हे म्हणणे कालक्रमाच्या कसोटीवरही डळमळते. यंत्रमागांची स्पर्धा आणि न बदललेली यंत्रे संपाआधीपासून होती. जागेची किंमत कापडाच्या नफ्यापेक्षा मोठी होत चालली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यातल्या २००१ च्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट रुंदावली. संपाने या प्रक्रियेला वेग दिला, यात शंका नाही. वेग देणे आणि कारण असणे यांत फरक आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो सांभाळायला हवा.

डिसेंबर १९८४ मध्ये एक गोष्ट घडली जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा जिंकल्या. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईतून, म्हणजे गिरणगावातून, दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. संप हरून दोन वर्षे झाली होती, घरांतली भांडी विकली गेली होती, आणि तरी हा निकाल. खासदार निवडण्यासाठी का होईना, गिरणी कामगाराला अखेर गुप्त मतदानाची पेटी मिळाली होती.

गिरण्यांत प्रातिनिधिक संघटना मात्र तीच राहिली. पुढे स्वेच्छानिवृत्तीच्या, गिरण्या बंद करण्याच्या आणि जमिनींच्या व्यवहारांच्या वेळी कामगारांच्या वतीने तीच टेबलाला बसली. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली. संपाला दोन दिवसांनी पंधरा वर्षे पूर्ण होणार होती. २०२० च्या केंद्रीय औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या एकमेव संघटनेसाठी उंबरठा एक्कावन्न टक्क्यांचा आहे, आणि तो कोणी गाठला नाही तर अनेक संघटनांची वाटाघाटी परिषद नेमण्याची तरतूद आहे. बहुमताची अट इथे निदान लिहिलेली आहे. त्याच संहितेने संपाआधीच्या सूचनेची सक्ती सगळ्या औद्योगिक आस्थापनांना लावली आहे, आणि ते कलम वाचताना १९३८ चे सभागृह आठवल्याशिवाय राहत नाही.